सदतिसावी खुंटी

मुलाला पुरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी कप्तान बास्कुन्यानने सकाळी आठाच्या ठोक्याला दुकान उघडलं. जहाजांना लागणारं सामान विकण्याचं दुकान: दोरखंड, रंगाचे डबे, कंदील, शिडाचं कापड, खलाशांचे लोकरी मोजे. त्याने दोरांची वेटोळी जाडीप्रमाणे लावली, गल्ल्यामागे उभा राहिला आणि एका ग्रीक जहाजाच्या मुकादमाला चाळीस वाव दोर मोजून दिला. मोजताना एक वावही चुकला नाही.

वाल्पाराईसो बंदरातल्या ब्लांको रस्त्यावरच्या लोकांनी दारादारांतून हे पाहिलं. समोरचा न्हावी म्हणाला, "ह्याच्या छातीत काळीज आहे की नांगर?" त्याच्या हाताखाली दाढीला बसलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "नांगर बुडतो तरी हो." दोघं हसले आणि मग आपण कशावर हसलो ते लक्षात येऊन गप्प झाले.

कप्तानाने हे ऐकलं असतं तरी त्याला काही वाटलं नसतं. त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं, आणि हे त्याचं त्यालाही कळत होतं. पाव खाल्ला की पोट भरे, एवढंच. बूट चावत होता हे त्याला संध्याकाळी मोजा रक्ताने चिकटला तेव्हा समजलं. रात्री तो झोपायचासुद्धा, नीट, सहा तास. त्याची बायको ओर्तेन्सिया उशाशी बसून त्या झोपलेल्या माणसाकडे बघत राही, आणि त्या बघण्यात प्रेम नव्हतं.

वयाच्या पंधराव्या वर्षी तो आरमाराच्या शाळेत गेला होता आणि तिथेच राहायचा होता. पण एकोणीसशे एकतीस साली खलाशांनी बंड केलं आणि अधिकाऱ्यांना त्यांच्याच खोल्यांत कोंडून घातलं. बास्कुन्यान तेव्हा लेफ्टनंट. तीन दिवस तो कोंडलेला होता आणि दाराबाहेर पहाऱ्याला त्याच्याच हाताखालचा, तोफेवरचा एक गोलंदाज होता. दुसऱ्या दिवशी लेफ्टनंटने दाराआडून विचारलं, "तुझा माझ्यावर एवढा राग कशाला रे? मी तुला कधी शिवी तरी दिली का?"

"शिवी नाही दिलीत साहेब," गोलंदाज म्हणाला. "पण गेल्या साली माझी आठ दिवसांची रजा कापलीत. बंद खोलीत बसून कापलीत. मला कोणी सांगितलंसुद्धा नाही. बायको बंदरावर येऊन आठ दिवस उभी होती."

बंड मोडलं. लेफ्टनंटने पुढच्या वर्षी राजीनामा दिला. त्याचं म्हणणं, जिथे माणसं नियमाला घाबरतात पण नियम त्यांना माहीतच नसतो, तिथे आपण राहू नये. मग त्याने दुकान टाकलं. वाल्पाराईसोत आरमार सोडलेले खंडीभर लेफ्टनंट होते आणि बहुतेकांची दुकानं वर्षभरात बसली. ह्याचं चाललं, कारण ह्याच्याकडचा चाळीस वाव दोर चाळीस वावच भरे. लोक त्याला कप्तान म्हणायला लागले. आरमाराने न दिलेली बढती गावाने दिली. पुढे तो दोनदा नगरसभेवर निवडून आला, टेकडीवरच्या वस्तीला पाणी नेलं, बंद पडलेली, उतारावर रुळांवरून चढणारी लिफ्ट दुरुस्त करून घेतली. लाच द्यायला आलेल्या एका कंत्राटदाराला त्याने आधी पावती फाडून दिली होती, ही गोष्ट लोक अजून सांगत. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

पण विचारलं असतं की ह्या सगळ्यातलं तुझं काय, तर त्याने बंबाचं नाव घेतलं असतं.

आमच्या गावात आग विझवणारे पगारी नसतात. वकील, पाववाले, गोदीतले हमाल, कारकून, कोणीही. भोंगा वाजला की हातातलं टाकून धावायचं. वर वर्गणीही आपणच भरायची. अशा माणसांच्या कंपन्या असतात, प्रत्येकीचा आपला बंब, आपली इमारत, आपला मान. बास्कुन्यान पंधरा वर्षं विसाव्या कंपनीचा संचालक होता. आल्या आल्या त्याने साठ कलमांची नियमावली स्वतःच्या हाताने लिहिली. तिच्यात त्या गोलंदाजासाठीही एक कलम होतं: कोणालाही शिक्षा द्यायची तर ती भरल्या हजेरीत, सर्वांसमोर वाचून.

हजेरी दर गुरुवारी संध्याकाळी सातला, खाली बंबाच्या दालनात. भिंतीला ओळीने खुंट्या, प्रत्येक खुंटीला आकडा, खुंटीवर चामडी टोप आणि जाड कोट. ज्याने त्याने आपल्या खुंटीपुढे उभं राहायचं, टोप काखेत. चिटणीस सालुस्तियो, सत्तरीचा पाववाला, वही उघडतो. आधी मेलेल्यांची नावं. आगीत मेलेले कंपनीचे पाच जण, पहिला अठराशे नव्वदचा. एकेक नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून म्हणायचं, "हजर!" मग जिवंतांची नावं, आणि प्रत्येकाने आपलं उत्तर आपण द्यायचं. ज्याने नाव घेताच उत्तर दिलं नाही तो गैरहजर, मग तो समोर उभा का असेना. हेही कप्तानाचंच कलम.

कप्तानाचा मुलगा रेनातो सदतिसाव्या खुंटीचा. सत्तावीस वर्षांचा, विमा कचेरीत कारकून, हसरा, आगीला सगळ्यांत पुढे आणि हजेरीला सगळ्यांत मागे. त्या उन्हाळ्यात, आमच्याकडे उन्हाळा डिसेंबर ते मार्च, त्याचं एका परिचारिकेशी जमलं होतं आणि तिची सुटी नेमकी गुरुवारी. तीन हजेऱ्या चुकल्या की तीन महिने निलंबन. फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारी तिसरी चुकली. शनिवारी कप्तानाने दुकानात बसून निलंबनाचा कागद लिहिला, सही केली, सालुस्तियोकडे पाठवला. आणि रविवारी, जेवायच्या टेबलावर, खिम्याच्या करंजीसारखा एम्पानादा हातात असताना, मुलाला सांगितलं.

"तिसरी कुठली हो पापा?" रेनातो म्हणाला. "मी जिन्यात होतो! सालुस्तियोने नाव घेतलं तेव्हा माझा एक पाय दारात होता."

"पाय उत्तर देत नाही."

"आई, ऐकलंस? ह्यांना उद्या सांग, सूर्य उशिरा उगवला तर त्यालाही निलंबित करा."

ओर्तेन्सिया हसली. कप्तानही थोडा हसला असेल. मग म्हणाला, "उद्या टोप आणि कोट जमा कर. निलंबित माणसाची खुंटी रिकामी असते."

"उद्याच?"

"उद्याच."

सोमवारी खुंटी रिकामी झाली. टोप आणि कोट कपाटात कुलपाखाली गेले. जाता-येता सगळ्यांनी रिकामी खुंटी पाहिली आणि काय झालं ते ओळखलं.

बुधवारी दुपारी भोंगा वाजला. दक्षिणेचा वारा सुटला होता, आणि कोर्दियेरा टेकडीवरची एक चाळ पेटली होती, लाकडाची, वर पत्रे, आत वीस बिऱ्हाडं. कप्तान रस्त्यात उभा राहून माणसं लावत होता. तेवढ्यात त्याला रेनातो दिसला. कचेरीतून तसाच धावत आलेला, पांढरा सदरा, गळ्यात टाय, बाह्या वर सारलेल्या. डोकं उघडं. एका म्हातारीला पाठीवर घेऊन तो चाळीतून बाहेर येत होता. तिला त्याने खाली ठेवलं आणि पुन्हा दाराकडे वळला.

"रेनातो!" कप्तान ओरडला. "मागे हो! तू यादीत नाहीस!"

रेनातोने मान वळवली. चेहरा काजळीने भरलेला, दात तेवढे पांढरे. "मग मला पाहूच नका, पापा!" तो म्हणाला, आणि आत गेला.

आणि कप्तानाने खरंच मान फिरवली. निदान त्याला असं आठवत होतं. डाव्या बाजूची शिडी सरकवायची होती, तिकडे बघणं जरूरच होतं. पण जरूर नसती तरी त्याने मान फिरवली असती. यादीत नसलेल्या माणसाला तिथून हाकलायला हवं होतं, आणि पोटच्या पोराला, पाठीवर म्हातारी आणणाऱ्या पोराला, त्याला हाकलवत नव्हतं. म्हणून त्याने पाहिलं नाही. पुन्हा पाहिलं तेव्हा दारावरचं छप्पर खाली आलेलं होतं.

डॉक्टर सांगत होता, "तुळई डोक्यावर पडली. बाकी अंगाला ओरखडा नाही हो कप्तान." कप्तानाने मान हलवली आणि डॉक्टरचे आभार मानले. तेव्हापासून तो असा होता.

कंपनीत कोणी मेलं की तीस दिवस दुखवटा. हजेरी नाही, सभा नाही, दालनाच्या दारावर काळं कापड. त्या दिवसांत ओर्तेन्सियाने कप्तानाकडे एकच गोष्ट मागितली. संध्याकाळच्या चहाची वेळ होती, टेबलावर पाव आणि अवोकाडोची चटणी होती आणि दोघांनीही हात लावला नव्हता.

"गुरुवारी त्याचं नाव घेतील ना?" तिने विचारलं.

"घेता येणार नाही."

"का?"

"कामावर मेलेल्या स्वयंसेवकाचंच नाव घेतात. तो निलंबित होता. नियमाने तो त्या दिवशी रस्त्यावरचा माणूस होता."

"कोणी केलं निलंबित?"

"मी."

"मग मागे घे."

"मेल्यावर मागे घेता येत नाही, ओर्तेन्सिया. मागची तारीख घालावी लागेल. वहीत खोटं लिहावं लागेल."

तिने चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाली, "तो इटालियन आहे बघ तुमच्या यादीत. सोलारी. पन्नास वर्षं झाली त्याला जाऊन. बायको नाही, पोर नाही, थडग्यावर फूल नाही. पण दर गुरुवारी साठ माणसं त्याच्या नावाने हजर म्हणून ओरडतात. मी कितीदा खालून जाताना ऐकलंय. आणि माझ्या पोराने काय घोडं मारलं होतं? मला तुझ्याकडून दुसरं काही नको. तू रडू नकोस, बोलू नकोस, माझ्याजवळ बसूसुद्धा नकोस. एवढं एक नाव दे."

"कलमात बसत नाही," कप्तान म्हणाला.

"बरं, कप्तान," ती म्हणाली आणि उठली. बत्तीस वर्षांत ती त्याला कधी कप्तान म्हणाली नव्हती. ते गावाचं नाव होतं. त्या दिवसापासून मात्र ती त्याला त्याच नावाने हाक मारू लागली. कप्तान, सूप वाढलंय. कप्तान, किल्ली विसरलात. 'तू'चं 'तुम्ही' झालं. आपल्याला हे लागायला हवं, एवढं त्याला समजत होतं. तो वाट बघायचा लागायची. लागत नव्हतं.

कंपनीतले लोकही येऊन गेले. बाल्त्रा वकील, अठ्ठाविसाव्या खुंटीचा, दुकानात आला आणि अर्धा तास रंगाच्या डब्यांची झाकणं चाचपत राहिला. "कप्तान, मी ठराव मांडतो. निलंबन पहिल्या दिवसापासूनच रद्द, असा. सगळे हात वर करतील."

"मी विरोधात हात वर करेन."

"तुम्हाला कोणी नावं ठेवणार नाही हो. बाप आहात."

"म्हणूनच," कप्तान म्हणाला. "उद्या दुसऱ्या कोणाच्या पोरासाठी तू ठराव आणशील का?"

वकिलाने झाकण ठेवलं. "तुम्ही माणूस आहात की नियमावलीचा पुठ्ठा?" असं तो म्हणाला, आणि त्याला वाटलं आता कप्तान चिडेल. चिडला असता तर वकिलाला बरं वाटलं असतं.

एकटा सालुस्तियो आला नाही. तो आपल्या भट्टीवर पाव भाजत राहिला. कप्तान रोज सकाळी पाव आणायला जाई तेव्हा सालुस्तियो पाव कागदात गुंडाळून देई, आणि मान वर करत नसे. कप्तानाला वाटलं, हाही रागावलाय.

दुखवटा संपून पहिला गुरुवार आला. सातला पाच कमी असताना काळं कापड उतरलं. बंबाच्या दालनाचे मोठे दरवाजे उन्हाळ्याचे म्हणून सताड उघडे होते, आणि पलीकडच्या फुटपाथवर दिव्याच्या खांबापाशी ओर्तेन्सिया उभी होती, काळ्या कोटात, हातात पर्स धरून. बायका हजेरीला आत येत नाहीत. कप्तानाने तिला पाहिलं आणि आपल्या खुंटीपुढे, पहिल्या खुंटीपुढे, जाऊन उभा राहिला. साठच्या साठ आले होते. सदतिसावी तेवढी रिकामी.

बाल्त्राने ठराव मांडला. चांगला बोलला, एरवी कोर्टात बोलत नसेल इतका. कप्तान पुढे आला.

"तुमचं मन मला कळतं," तो म्हणाला. त्याचा आवाज दोर मोजताना असे तसाच होता. "पण जहाजाच्या रोजनिशीत लिहिलेली ओळ कोणी खोडत नाही. जहाज बुडालं तरी नाही. रेनातो बास्कुन्यान आगीच्या दिवशी निलंबित होता. मी सही केली. आज मागची तारीख घातली तर ह्या वहीतली बाकीची पाच नावंही खोटी ठरतील. माझं मत विरोधात."

बाहेर एक ट्रॉलीबस गेली. समोरच्या माणसांतल्या बऱ्याच जणांना त्या क्षणी कप्तानाचा तिटकारा आला. त्याने तो ओळखला. त्यालाही त्याचं काही वाटलं नाही.

"मतदान कशाला," सालुस्तियो म्हणाला.

तो वहीच्या मेजामागून उठला होता. कोटाच्या आतल्या खिशातून त्याने एक घडी केलेला कागद काढला. घड्यांमध्ये पीठ बसलं होतं.

"हा तो निलंबनाचा कागद," तो म्हणाला. "शनिवारी माझ्याकडे आला. वहीत ह्याची नोंद नाही. कारण एक्केचाळिसावं कलम. कोणतीही शिक्षा भरल्या हजेरीत वाचल्याशिवाय लागू होत नाही. तोवर तो नुसता कागद. वाचायचा होता गुरुवारी. पोरगा गेला बुधवारी. हा कागद अजून कोणी वाचलेला नाही आणि आता कोणी वाचणार नाही." त्याने कागद पुन्हा खिशात घातला. "रेनातो बास्कुन्यान त्या दिवशी ह्या कंपनीचा पूर्ण हक्काचा माणूस होता. ह्यात कोणाची दया नको आणि खोटं काही नको."

आधी कोणाला समजलंच नाही. मग बाल्त्राने कपाळावर हात मारून घेतला. "वकील म्हणवतो मी! अरे, आम्ही रिकामी खुंटी बघितली आणि कप्तानांनी म्हटलं म्हणजे झालंच, असं धरून चाललो! वही उघडून बघायची कोणाला अक्कल नाही!" माणसं एकमेकांना मिठ्या मारू लागली. कोणीतरी रडत होतं. कोणीतरी कप्तानाचे खांदे धरून हलवत होतं, "तुमच्याच कलमाने, कप्तान! तुमच्याच कलमाने वाचवलं त्याला!" कपाटाचं कुलूप निघालं. बाल्त्राने टोप आणि कोट आणले, बाहीने टोप पुसला आणि सदतिसाव्या खुंटीवर टांगला.

कप्तान टोपाकडे बघत उभा होता.

एक्केचाळिसावं कलम त्याच्या तोंडपाठ होतं. साठही होती. गुरुवारी वाचायचं होतं. गुरुवारपर्यंत रेनातोची खुंटी भरलेली असायला हवी होती. रविवारी, घरात, एम्पानादा खाताना, शिक्षा कोणी लागू केली? टोप जमा कर असं कोणत्या कलमाने म्हटलं होतं? बंद खोलीतली शिक्षा. आणि पोराने ती मानली. दुसऱ्याच दिवशी. नियमाप्रमाणे बुधवारी भोंगा वाजला तेव्हा रेनातोने इथे धावत यायचं होतं, हा टोप डोक्यावर घालायचा होता, आणि मग आगीकडे जायचं होतं. बाकी अंगाला ओरखडा नाही, डॉक्टर म्हणाला होता.

सालुस्तियोने वही उघडली. मिठ्या थांबल्या, माणसं आपापल्या खुंटीपुढे गेली, टोप काखेत. त्याने पाच नावं वाचली. पाचदा साठ गळे "हजर!" म्हणाले. मग त्याने वाचलं:

"रेनातो बास्कुन्यान."

"हजर!" भिंतीवरच्या खुंट्या हलल्या असतील. तो आवाज रस्त्यापलीकडे गेला, आणि ओर्तेन्सियाने खांबाला हात लावला.

मग जिवंतांची यादी. पहिलं नाव संचालकाचं.

"लेआंद्रो बास्कुन्यान."

कप्तानाने ऐकलं. तोंडही उघडलं. आवाज आला नाही. सालुस्तियो पेन धरून थांबला. आजवर तो कोणासाठी थांबला नव्हता. पेन वहीवर टेकलं, उचललं. शेजारच्या दुसऱ्या खुंटीवाल्याने कप्तानाला हळूच कोपर लावलं. कप्तान सदतिसाव्या खुंटीकडेच बघत होता. शेवटी सालुस्तियोने मान खाली घातली, त्या नावापुढे गैरहजर असं लिहिलं, आणि पुढचं नाव घेतलं.

हजेरी संपल्यावर कप्तान मेजापाशी गेला आणि काखेतला टोप त्याने वहीवर ठेवला.

"कपाटात ठेव."

"एका गैरहजेरीला निलंबन नसतं, कप्तान," सालुस्तियो हलकेच म्हणाला.

"माहीत आहे. ठेव."

सालुस्तियोने टोपावर हात ठेवला, पण उचलला नाही. "पाच आठवडे तो कागद खिशात घेऊन पाव भाजतोय मी," तो म्हणाला. "तुम्हाला हे कळलं की काय होईल ते मला ठाऊक होतं. तुम्ही ठरावाला हो म्हणाला असता तर मी भट्टीत टाकला असता तो. खरं सांगतो. त्या सोमवारी मी पोराला म्हटलं होतं, घाई काय आहे, गुरुवारपर्यंत राहू दे खुंटीवर. दरवेळी मी असे कागद थोडे मुरू देतो, तुमचा पारा उतरेपर्यंत. तर हसला. म्हणाला, ठेवून घ्या हो सालुस्तियो, म्हातारा खूश होईल."

कप्तानाने मेजाची कड धरली. मग सोडली, आणि उघड्या डोक्याने बाहेर गेला.

ओर्तेन्सिया रस्ता ओलांडून पुढे आली होती. तिचं तोंड ओलं होतं आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर रंग होता. तिने त्याचा दंड धरला. "ऐकलं मी, लेआंद्रो," ती म्हणाली. "सगळ्यांनी म्हटलं. एकाही नावाला एवढ्या जोराने म्हणत नाहीत. बसवलंस ना शेवटी कलमात? मला वाटलं, तू..." मग ती थांबली. "तुझं नाव घेतलं तेव्हा मात्र काहीच ऐकू आलं नाही. आणि टोप कुठाय तुझा?"

काही न बोलता घरी जाता आलं असतं. तिने दंड धरला होता, तिने त्याला नावाने हाक मारली होती. लिफ्टने वर, दिवे, सूप. सालुस्तियो जन्मात बोलला नसता. बाकीचे आनंदात होते आणि आनंदातली माणसं हिशेब करत नाहीत. कप्तानाला हे सगळं दिसलं.

"त्याचा टोप खुंटीवर असायला हवा होता," तो म्हणाला.

"कोणाचा?"

"रेनातोचा. निलंबन लागूच झालं नव्हतं. गुरुवारी वाचल्यावर लागू होणार होतं. मी त्याला रविवारीच सांगितलं, टोप जमा कर. नियम तसा नव्हता. मी नियम मोडला. नियमाने वागलो असतो तर त्याच्या डोक्यावर टोप असता."

ती ऐकत होती. शब्द पोचायला वेळ लागला. तिची बोटं त्याच्या दंडावर होती, आणि ती आवळत गेली, नखं कोटातून आत रुतली, आणि कप्तानाला दुखलं. दंडाला दुखलं, मग पायाला बूट चावलेल्या जागी दुखलं, मग सगळीकडेच दुखलं. पांढरे दात दिसले. मग मला पाहूच नका, पापा. त्याने मान फिरवली, रस्त्याकडे, बंदराच्या दिव्यांकडे, जिकडे ती नव्हती तिकडे.

"नाही," ओर्तेन्सिया म्हणाली. तिचा आवाज तिचा वाटत नव्हता. "मान फिरवायची नाही. इकडे बघ."

तो बघेना.

"बघ माझ्याकडे, लेआंद्रो."

त्याने पाहिलं.